पहिली मासोळी कुणाची

माझी मोठी जाऊ सत्यभामाबाई हिच्याबद्दल गावात अजूनही दोन गोष्टी सांगतात. एक, तिने देवाला उपाशी ठेवलं. दुसरी, तिच्या तोंडाला लागू नये. दुसरी खरी आहे. पहिलीचा खुलासा करायला मी बसले आहे, कारण त्या भानगडीत निम्मा वाटा माझा होता आणि तो मी आजवर कागदावर आणलेला नाही.

मी कारध्याची. वैनगंगेच्या काठी वाढलेली, मॅट्रिक झालेली, आणि त्या मॅट्रिकचा ताठा घेऊन १९७४ साली लाखांदूरकडच्या बोरटोल्यात सून म्हणून आलेली. माझे मालक इश्वर, धाकटे. थोरले सेवकराम, त्यांची बायको सत्यभामाबाई. माझं नाव रुखमिणी. एका घरात सत्यभामा आणि रुखमिणी म्हटल्यावर गावाला आयतंच कोलीत मिळालं. लग्नाच्या पंगतीतच कुणीतरी विचारलं, पारिजातक कोणाच्या अंगणात लावता आणि फुलं कोणाच्या अंगणात पडतात? मी मान खाली घातली. सत्यभामाबाई वाढत होती. हातातली वरणाची बादली खाली न ठेवता म्हणाली, "झाड आणाले नवरा किसन पायजे. आमच्या घरी दोघंबी नांगऱ्येच." पंगत हसली. आमचे भासरे, म्हणजे थोरले दीर सेवकराम, पत्रावळीत डोकं घालून भात कालवत राहिले.

तर अशी ती. उंच, हाडापेराने मोठी, पदर कायम कमरेला खोचलेला. नाकावर माशी बसू द्यायची नाही. मी आले तेव्हा तिशीची असेल.

आमच्या गावचा तलाव मालगुजारांच्या काळातला. एका अंगाला लांबलचक मातीची पार, म्हणजे बांध, पारीच्या मधोमध दगडी घाट, घाटाच्या शेवटच्या पायरीवर धुणं धुवायचा एक मोठा सपाट दगड. पलीकडे जंगलाच्या बाजूला पाणी वळसा घेऊन आत शिरतं, त्याला कमळीचा कोन म्हणतात. तलावात एक मोठी मगर होती. गाव तिला बुढा म्हणे, म्हणून मीही 'तो'च म्हणते. बुढा म्हणजे तलावाचा राखणदार. तो आहे म्हणून पाणी आटत नाही, असा सगळ्यांचा विश्वास. त्याचा मान ठरलेला. कुणाच्याही घरी गरीला, टोपल्याला, जाळ्याला मासोळी लागली, की पहिली बुढ्याची. ती घरच्या बाईने धुण्याच्या दगडावर उभं राहून पाण्यात सोडायची आणि म्हणायचं, "बुढ्या, तुझं तुले, आमचं आमाले." मग बाकीच्या मासोळ्या त्याच दगडावर साफ करायच्या.

सत्यभामाबाई मान देत नसे. आणि मासोळ्या मात्र गावात सर्वात जास्त तीच पकडे.

तिचं माहेर आंधळगाव. बाप शेतकरी, पण शेजार कोष्ट्यांचा, त्यामुळे कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, धाग्याची जाण तिला लहानपणापासून. भाऊ घनश्याम भंडाऱ्याला पितळी भांड्यांच्या कारखान्यात. माहेराहून येताना दुसऱ्या बाया पापड-कुरड्या आणतात, ही भावाकडून पितळेची कात्रणं आणायची आणि शेजारणीकडून कोशाचा पीळदार धागा. कात्रणातून आंब्याच्या कोवळ्या पानासारखी, बोटभर लांबीची पत्ती कापायची. बत्त्याने ठोकून तिला जरासं पोट आणायची, चिंच-राखेने घासून लख्ख करायची. एका टोकाला धागा, दुसऱ्या टोकाला गरी, म्हणजे गळाचा आकडा. मरळीचे दात धागा कापतात म्हणून मधे सायकलच्या ब्रेकची उकललेली तार, वीतभर. ना गांडूळ, ना कणकेची गोळी. पत्ती डोक्यावरून दोनदा गरगर फिरवून लांब फेकायची आणि हाताने ओढत, थांबत, झटका देत परत आणायची. पाण्यात ती अशी लटपटत यायची की जखमी मासोळी जीव घेऊन पळते आहे असं पाहणाऱ्यालाही वाटावं. मरळ तर तुटूनच पडे.

गावच्या पुरुषांना हे सहन होत नसे. त्यांचं गरी टाकणं म्हणजे गांडूळ लावायचं, बिडी पेटवायची, आणि मासोळीने उठवलं तर उठायचं. बाईमाणूस पारीवर उभं राहून हात फिरवतं, आणि तेही खाऊ न घालता पकडतं, हे त्यांना बेइमानी वाटे. "मासोळीले फसवते तू," असं एकदा गावचे पंच केशवराव तिला म्हणाले. केशवराव म्हणजे पांढरं धोतर, पांढऱ्या मिशा आणि गावाच्या प्रत्येक गोष्टीत पहिला शब्द. सत्यभामाबाईने पदर डोक्यावर घेतला, कारण नात्याने ते मामाजी, म्हणजे सासरे, लागत, आणि पदराआडून म्हणाली, "अन् तुमी काय जी, तिले लग्नाची पत्रिका पाठवता?"

पहिल्या पावसाळ्यानंतरच मी तिला विचारलं होतं, "बाई, तुमी बुढ्याले मान काहून देत नाही?"

"त्याले दात किती, मोजले का तू?" ती म्हणाली. "मी तीसदा फेकते तवा एक मासोळी लागते. खांदा दुखते माहा. अन् तो बसल्या जागी खाईन? हात जोडाले सांग, जोडते. आयतं नाही देणार."

मला ते पटलं. मॅट्रिक झाले होते ना! पण पटणं वेगळं आणि भीती वेगळी. पुढच्या वर्षी मला दिवस गेले आणि सासूबाई, गोदावरीबाई, मला चुलीपाशी बसवून म्हणाल्या, "थोरलीनं बुढ्याचं थकवून ठेवलं. ते तिच्या अंगावर नाही येणार, ते दगडाचं हाये. तुह्या लेकरावर येईन." झालं. मासोळ्या साफ करायचं काम माझ्याकडे होतं. सत्यभामाबाई पत्ती पुसून, धागा गुंडाळून घरी जायची, मी घाटावर टोपली घेऊन उतरायची. त्या दिवशी मी चोहीकडे पाहिलं, टोपलीतली एक लहान मासोळी उचलली आणि दगडावरून पाण्यात सोडली. "बुढ्या, तुझं तुले, आमचं आमाले." मग मुलगा सुखरूप झाला, आणि माझी पक्की खात्री पटली.

सहा वर्षं. सहा वर्षं मी जावेच्या प्रत्येक शिकारीतली एक मासोळी तिच्या पाठीमागे त्याच दगडावरून देत होते. ती टोपलीतल्या मासोळ्या मोजत नसे, एवढाच तिचा दोष.

१९८१ च्या मे महिन्यात तलाव खूप खाली गेला. धुण्याच्या दगडाचं कधी न दिसलेलं बूड दिसू लागलं आणि सगळं खोल पाणी घाटापुढे आणि कमळीच्या कोनात तेवढं उरलं. एका सकाळी आमच्या शेजारची पार्वताबाई, तुलारामची बायको, धुण्याच्या दगडावर होती. सत्यभामाबाई पारीवर पत्ती फेकत होती, मी वर कपडे वाळत घालत होते. किंकाळी ऐकली आणि पाहिलं तर पार्वताबाई दगडावर आडवी, उजवा हात कोपरापर्यंत बुढ्याच्या तोंडात, आणि तो मागे सरतो आहे. मी हातातलं ओलं लुगडं धरून तिथेच उभी. सत्यभामाबाई मात्र धावली. कपडे बडवायची मोगरी तिथेच पडली होती, ती उचलून तिने त्याच्या नाकाडावर घाव घातले. किती, ते मोजायला कुणाचं चित्त थाऱ्यावर होतं? शेवटी त्याने सोडलं. बैलगाडीतून लाखांदूर, तिथून भंडारा. पार्वताबाई वाचली. दोन बोटं गेली, हात लाकडासारखा झाला.

आता एखाद्या गावाने माझ्या जावेची ओटी भरली असती. आमच्या गावाने काय केलं? पार्वताबाई तीन आठवड्यांनी घरी परतली त्याच्या दुसऱ्या दिवशी पिंपळाच्या पारावर बैठक बसवली आणि सत्यभामाबाईला पुढे उभं केलं.

केशवराव म्हणाले, "बुढ्यानं आजवर कोणाले हात लावला नाही. आता काहून लावला? सहा-सात वर्षं एका घरचा मान चुकून राहिला. त्याचं खातं ते घर, अन् हात गेला शेजारणीचा."

मग ठराव झाला. आषाढातल्या आखाडीपर्यंत घरटी रोज एक मासोळी घाटावरून द्यायची, मागचं सगळं भरून काढायचं. सत्यभामाबाईने पितळेची पत्ती बुढ्याला अर्पण करायची, दगडावर नाक घासून माफी मागायची आणि पुन्हा तलावावर गरी टाकायची नाही. ऐकलं नाही तर सेवकरामच्या रोवण्याला गावातली एक बाई यायची नाही. धानाच्या गावात याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. चिखल करून ठेवला आणि रोवायला हात नसले तर वर्ष गेलं. आमचे भासरे हात जोडून म्हणाले, "घासते जी, नाक घासते. मी सांगतो तिले."

"काय सांगता?" सत्यभामाबाई म्हणाली. ती रागावली की तिचा आवाज चढत नसे, उलट खाली येई. "चाळीस घरं. रोज चाळीस मासोळ्या त्याच दगडावरून. अन् त्याच दगडावर बाया धुणं धुतीन. मामाजी, तुमी बुढ्याले पंगतीले बसवून राहिले अन् वाढाले बाया पाठवून राहिले. पुढच्या पंधरा दिवसांत आणखी एक बाई जाईन. नाक घासाचं तवा घासीन, पयले उद्या सकाळी माह्यासंगं तलावावर चला. तो मान मांगाले येते का खाण्याच्या सवयीनं येते, डोळ्यानं पाहा."

केशवरावांना नाही म्हणता येईना, कारण नाही म्हटलं तर भ्याले असं झालं असतं. तिने आणखी एक माणूस आपल्या घरचा मागितला, साक्षीला. भासरे म्हणाले त्यांची कंबर धरली आहे. कंबर सकाळी बरी होती. मग मी म्हणाले, मी येते. का म्हणाले, देव जाणे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर पुनव पेटली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता डोमा ढिवराने आपला डोंगा पाण्यात ढकलला. पुढे सत्यभामाबाई, मधे केशवराव धोतर सावरत, त्यांच्यामागे मी, आणि मागे बांबूने डोंगा रेटत डोमा. डोमाचा सगळा जन्म या पाण्यावर गेलेला. तो फार बोलत नसे. निघताना एवढंच म्हणाला, "हात आतच ठेवा जी."

कमळीच्या कोनात शिरलो तेव्हा सूर्य झाडांवर आला होता. गाळाच्या उंचवट्यावर बुढा पडला होता, आ वासून. मी त्याला एवढ्या जवळून कधीच पाहिलं नव्हतं. आमच्या डोंग्यापेक्षा हातभर कमी असेल. पाठीवर वाळलेलं शेवाळ, आणि नाकाडावर मोगरीच्या घावाची फुटलेली जागा. डोंगा वीसेक हातांवर आला तसं त्याने तोंड मिटलं आणि आवाज न करता पाण्यात उतरला. पाणी थोडं हललं, बस्स. आता तो आमच्याखाली कुठेतरी होता. केशवराव रामनाम घेऊ लागले. मी डोंग्याची कड धरली होती, ती डोमाकडे पाहून सोडली.

सत्यभामाबाई उभी राहिली. डोंगा डुचमळला. तिने पत्ती डोक्यावरून फिरवली, एकदा, दोनदा, आणि कमळाच्या पानांच्या कडेला नेमकी टाकली. छप्प. धागा ओढला, थांबली, झटका, पुन्हा ओढला. पितळेचा पिवळा झगारा पाण्यातून येताना दिसत होता. काही नाही. पुन्हा फेकली. तिसऱ्या की चौथ्या फेकीला पानांखालून पाणी फुटलं आणि धागा ताणून वाजला. मरळ! तिने पाय रोवले, धागा तळहातावर एक वेढा घेऊन आणला, सोडला, पुन्हा आणला. मासोळी पाण्यावर आपटत होती, धडधड आवाज होत होता. मी डोळे मिटून घेतले, की आता बुढा येणार आणि मासोळीसकट हिला घेणार. डोळे उघडले तेव्हा मरळ डोंग्यात माझ्या पायावर उडत होती आणि बुढ्याच्या दोन नाकपुड्या लांबवर पाण्यावर शांत होत्या.

सूर्य दोन बांबू वर येईपर्यंत तिने तिथे पत्ती फेकली. तीन मरळी लागल्या. प्रत्येक वेळी आपटाआपट, प्रत्येक वेळी पाणी ढवळलं. बुढा त्याच्या घरात होता, भुकेला असेल नसेल, पण आला नाही. एकदा तर नाकपुड्या बुडाल्या आणि आणखी लांब निघाल्या.

"पाहिलं मामाजी?" सत्यभामाबाई म्हणाली. "इथं त्याले कोणी आजवर चारलं नाही. इथं मासोळी आपटली का त्याले काई वाटत नाही. आता घाटावर चला."

घाटावर अख्खं गाव जमलं होतं. पार्वताबाईलाही कुणीतरी आणून वरच्या पायरीवर बसवलं होतं, हाताला पांढरं फडकं. सत्यभामाबाई डोंग्यातून पारीवर उतरली, वरून चालत घाटावर आली आणि चौथ्या पायरीवर थांबली. खाली कुणाला येऊ दिलं नाही. तिने गरी काढून घेतली आणि नुसती पत्ती धुण्याच्या दगडाजवळ पाण्यावर आपटली. छप्प. ओढली. छप्प. दगडावरून टाकलेली मासोळी पडावी तसाच आवाज.

कमळीच्या कोनाकडून पाण्यावर एक रेघ निघाली. सरळ घाटाकडे. लोक मागे सरकू लागले. सत्यभामाबाईने पत्ती वर ओढून घेतली आणि हात मोकळे सोडून उभी राहिली. बुढा आला. दगडापाशी त्याचं डोकं वर आलं, हनुवटी दगडावर टेकली, आणि त्याने तोंड उघडलं. ताटावर बसलेल्या पाहुण्यासारखा तो थांबून राहिला.

मला वाटलं, झालं, आता आंधळ्यालाही दिसेल. कसलं काय! केशवरावांनी जोडे काढले आणि हात जोडले. मागोमाग सगळ्या गावाने जोडले. "आला रे आला! मान मांगाले आला. एवढ्या दुरून आला. टाक बाई पत्ती, अजून येळ गेली नाही." पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हे. मी त्या वेळी एवढी संतापले की मला रडू फुटलं.

सत्यभामाबाईच्या नवऱ्याने गर्दीतून विनवलं, "अवं टाक ना एकदाची. अंगात देवी आली असं दाखव, अन् सांग का देवी म्हणते घाटावर मासोळी टाकू नका. आयकतीन लोक." वाईट सल्ला नव्हता. त्यांच्या आयुष्यातला एवढा एकच हुशार सल्ला मी ऐकला आहे.

"मासोळीले खोटं दाखवते मी," ती म्हणाली. "माणसाले नाही दाखवत." आणि केशवरावांकडे वळून, "सहा वर्षं माह्या घरची मासोळी त्याले भेटली नाही म्हणता. मंग तो माह्या पत्तीच्या आवाजाले कायले येते? ज्याच्या घरी कधी तुकडा भेटला नाही त्याच्या दारात कुत्रं तरी बसते का? तुमाले मासोळी लागते आठवड्यातून एखादी, तेवढ्यानं अशी सवय नाही लागत. या दगडावरून त्याले कोणीतरी रोज चारून राहिलं. कोण, ते मले नाही मालूम."

तिला खरंच माहीत नव्हतं. ती माझ्याकडे पाहतही नव्हती. आणि मला कळलं की मी गप्प राहिले तर ती नाक घासणार नाही, आमचं रोवणं बुडेल, आणि उद्यापासून चाळीस मासोळ्या पडतील. मी पायऱ्या उतरले, तिच्या बाजूला उभी राहिले आणि म्हणाले, "मी देत होती."

कुणाला ऐकूच गेलं नाही. मग मी ओरडले. "मी देत होती! सहा वर्षं. हिच्या प्रत्येक शिकारीतली पहिली. याच दगडावरून. आमच्या घरचा मान एक दिवस चुकला नाही, मामाजी. तुमी म्हणता तसा देव रागावला असन, तर कायले रागावला? सगळं तर भेटत होतं त्याले."

सत्यभामाबाईने माझ्याकडे पाहिलं. तशी नजर मी पुन्हा कुणाची सोसलेली नाही. तिने मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

केशवराव एक क्षण गडबडले, पण पंच ते पंच. "म्हणजे तू लपून दिला. लपून दिलेला मान मान नाही होत. म्हणूनच पार्वताबाईवर..."

"माह्या हातात मासोळी होती."

वरच्या पायरीवरून आवाज आला. पार्वताबाई उठून उभी राहिली होती. भंडाऱ्याहून आल्यापासून ती कुणाशी बोलली नव्हती.

"त्या दिवशी मीबी मान देऊन राहिली होती," ती म्हणाली. "आमच्या इथल्यानं रातच्याले टोपल्यात दोन मासोळ्या धरल्या. पयली द्याले मी दगडावर उतरली. लपून नाही, उघड. हात पुढं केला, तो पाण्यातून वर आला. त्यानं मासोळीच घेतली. हात मधात होता." तिने फडक्यातला हात वर उचलला. "म्या सांगतलं नाही. सांगतलं असतं तर तुमी म्हणले असते का बाई विटाळशी असन, म्हणून धरली. दवाखान्यात होती तीन आठवडे, परवा घरी आली. एवढी मोठी बैठक बसली तुमची. मले एकानंबी इचारलं नाही का बाई, काय झालं होतं."

पाण्यात बुढ्याने तोंड मिटलं आणि तो हळूहळू मागे गेला. त्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं.

ठराव कुणी मागे घेतला नाही. केशवरावांनी मरेपर्यंत घेतला नाही. पण पुरुषांनी ठराव केला तरी मासोळ्या साफ करतात बाया, आणि दगडावर उतरतात बाया. दुसऱ्या दिवशी चाळीस घरांपैकी एकाही घरची मासोळी पडली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सासूबाईंनी माझ्याकडे डोळे वटारले, मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे वटारले. बुढा आठ-दहा दिवस येऊन दगडावर हनुवटी टेकत राहिला, सत्यभामाबाई वरून ढेकळं मारी आणि शिव्या देई. मग तो कमळीच्या कोनातच राहू लागला. त्या वर्षी आमचं रोवणं सगळ्यांच्या आधी झालं, आणि लोक आजही म्हणतात की सत्यभामेने देवाला उपाशी ठेवलं. ती असेपर्यंत ऐकून म्हणायची, "हो, ठेवलं. मंग?"

पण मला सांगायची आहे ती घाटावरच्या त्या प्रसंगानंतरची सकाळ. चहा मी दिला तो सत्यभामाबाईने घेतला नाही. पत्ती आणि धाग्याचं गुंडाळं घेऊन ती पारीवर गेली, तलावावर गरी टाकायची नाही असा ठराव असताना, उजेडी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मी चोरासारखी मागे गेले आणि लांब बसले. ती फेकत होती. पारीवरून माणसं शेताकडे जात होती, थांबत होती, पाहून पुढे जात होती.

थोड्या वेळाने पार्वताबाई आली. डावा हात उजव्याखाली धरून, हळूहळू. सत्यभामाबाईजवळ उभी राहिली. तिच्या हाताने आता उखळ नव्हतं चालणार, विळा नव्हता चालणार, रोवणं तर नाहीच नाही. तुलाराम तिला माहेरी पाठवायच्या गोष्टी करतो आहे, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

"बाई," ती म्हणाली, "एका हातानं होते का वो हे?"

सत्यभामाबाईने पत्ती तिच्या डाव्या हातात दिली. मागे उभी राहून कोपर धरलं, दोनदा फिरवून दाखवलं. पार्वताबाईने फेकली. पहिली पारीवरच पडली. दुसरी पाण्यात गेली, दहा-बारा हातांवर, वाकडी, पण गेली. आणि तिथेच बुडाली, कारण ओढायला हात नव्हता. पार्वताबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"फेकता येते एका हातानं," सत्यभामाबाई म्हणाली. "ओढाले दुसरी बाई लागते." आणि माझ्याकडे न पाहता, पाण्याकडे तोंड करून, तिने हाक मारली, "रुखमिणे, बसली काय वो तिथं? धागा धर."